फोटो घेतला, दिला कधी?

माझी पुतणी वृत्तछायाचित्रकार आहे. वय सव्वीस, नोकरी कुठल्याच वृत्तपत्रात नाही. छापून आलेल्या चित्रामागे पैसे मिळतात. गेल्या हंगामात ती बीडकडच्या ऊसतोड मजुरांचे फोटो काढायला कोल्हापूर भागातल्या एका फडावर गेली. कोप्यांजवळ पोचताच एका बाईने तिला अडवले. ‘‘मागल्या साली एकजण आल्ता. फोटू धाडतो म्हनला. अजून वाट बघतोय आमी.’’

पुतणीने त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

त्या बाईची तक्रार क्षुल्लक नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली आणि बीडच्या गावांत कॅमेरे पोचले. सरकारने नेमलेल्या समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली; त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही बातमी यायलाच हवी होती. पण तिचे मूळ व्यवहारात आहे. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगावर. आणि खाडा झाला की दंड. ही खतावणी फोटोत उतरत नाही. उतरतो तो फक्त चेहरा, आणि तो कुणाचा हे गावाला बरोबर कळते. फोटो काढणारा संध्याकाळच्या गाडीने परततो, त्या बाईला मात्र तिथेच नांदायचे असते.

हे आजचेच आहे असेही नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत डोरोथिया लँगने एका आईचा फोटो काढला. अमेरिकेतल्या मंदीचा तोच चेहरा ठरला. आपण तिचे नाव विचारले नव्हते, असे लँगनेच पुढे लिहिले. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, १९७८ मध्ये पुढे आली. फोटो काढला नसता तर बरे, असे तिचे म्हणणे होते. प्रत पाठवते म्हणाली होती, ती कधी आलीच नाही, हीही तिची तक्रार होती. फडावरच्या बाईचीही हीच तक्रार. मध्ये गेली आठ दशके!

याउलट आपल्या सुधारक ओलवे यांचे काम पाहावे. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो अनेकांनी पाहिले असतील. गटारात उतरलेला माणूस त्यांनी टिपलाच. पण ते त्याच्या घरीही गेले, बायकामुलांत बसले. ते काही एका दुपारचे काम नव्हे.

आजच्या तरुणांना माणसांशी बोलता येत नाही, अशी आमच्या पिढीची कुरकुर असते. मला ती मान्य नाही. बसायला वेळ लागतो आणि वेळाचे पैसे कुणीतरी मोजावे लागतात. ‘शिकागो सन-टाइम्स’ने २०१३ मध्ये आपल्या सर्व २८ पूर्णवेळ छायाचित्रकारांना एकदम घरी पाठवले आणि बातमीदारांच्या हाती आयफोन दिला. बातमीदार फोटो काढीलही. कोपीसमोर दोन दिवस रिकामा बसायला त्याला कोण पाठवणार?

बँकेत असताना अंगठा उठवणाऱ्या खातेदारांचे फोटो मी शेकड्यांनी चिकटवून घेतले. चेहरा ताडून पाहायचा आणि पैसे द्यायचे. आपुलकी वगैरे काही नव्हती, खरे सांगतो. पण त्या फोटोच्या जोरावर त्या माणसाला त्याचे स्वतःचे पैसे मिळत. फडावरच्या बाईला तिच्या फोटोवर काय मिळते?

पुतणी तिथे पाच दिवस राहिली. मोळ्या बांधू लागली, जमेनात, बायका हसल्या. चौथ्या दिवशी त्या बाईनेच ‘‘काढ आता’’ म्हटले. उन्हाळ्यात प्रती घेऊन पुतणी बीडला तिच्या गावी गेली. बाईने सगळ्या प्रती मांडीवर पसरल्या. लेकीचे केस विंचरतानाचा फोटो तिने वेगळा काढला. ‘‘ह्यो पेपरात देऊ नको, पोरी. हिचं लगीन व्हायचंय.’’

नेमका तोच फोटो संपादकांना हवा होता. पुतणीने दिला नाही. दुसरे त्यांनी घेतले नाहीत. त्या महिन्याचे खोलीभाडे तिने माझ्याकडून उसने नेले आहे.