गाठ निघाली; पुढचे जगणे कोण मोजणार?

कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो हाडांचा पाट. दृष्टी, वास, ऐकणे, गिळणे आणि चेहऱ्याची हालचाल सांभाळणाऱ्या नसा या पाटातल्या छिद्रांतूनच जातात. त्यामुळे इथली गाठ काढताना मिलिमीटरचाही हिशेब असतो. आता दुर्बिणीने, नाकाच्या वाटेने शस्त्रक्रिया होतात. गाठ निघते, एमआरआय स्वच्छ येतो आणि कागदोपत्री रुग्ण ‘बरा’ होतो.

पण रुग्णाचा हिशेब वेगळा असतो. नाकात महिनोन्‌महिने खपल्या धरतात, वास जातो, एका कानाने ऐकू येत नाही, डोळा नीट मिटत नाही, चेहरा एका बाजूला ओढला जातो. यातले काहीच एमआरआयमध्ये दिसत नाही. ते कळण्यासाठी जगभर प्रश्नावल्या वापरतात. नाक-सायनसच्या तक्रारींसाठी ‘स्नॉट-22’ आहे. तिच्यात 22 प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. कवटीच्या तळाच्या पुढच्या भागासाठी इस्रायलमध्ये 35 प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची प्रश्नावली शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर अशा चार अंगांनी आयुष्य तपासते.

यातले ‘परिसर’ हे अंग अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावासाठी फार मोलाचे आहे. प्रवासाची सोय, हाताशी असलेला पैसा, दवाखाना किती जवळ, हे प्रश्न त्यातच येतात. राजूर हे आदिवासी पट्ट्यातले बाजाराचे गाव. अशी शस्त्रक्रिया इथे होत नाही. त्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, म्हणून शस्त्रक्रियेचा भार हलका होऊ शकतो. मात्र नंतरच्या तपासणीसाठी घोटीमार्गे मुंबईला जायचे, तर रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. भात लावणीच्या दिवसांत तर कोण निघणार?

इथेच मोजमापातली मोठी फट आहे. प्रश्नावली बहुधा फेरतपासणीला आलेल्या रुग्णांकडूनच भरून घेतली जाते. जो आला नाही, तो सरासरीतून गळतो. न येणाऱ्यांत दूरचे, गरीब आणि प्रकृती जास्त बिघडलेले लोक अधिक असतील, तर उरलेल्यांचे गुण प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसतात. म्हणजे जगणे कोणाचे अवघड झाले हे शोधायला काढलेले माप नेमके त्याच माणसाला वगळते.

दुसरी अडचण भाषेची. टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगासाठीच्या युरोपीय प्रश्नावल्या मराठी आणि हिंदीत आणून आपल्या रुग्णांवर तपासल्या. ते महत्त्वाचे काम आहे. मात्र पुस्तकी मराठीही सगळीकडे पुरत नाही. ‘बधिरता’ विचारले तर न कळता मान हलते. ‘गाल मेल्यासारखा लागतो का?’ विचारले तर उत्तर मिळते. चक्कर, भोवळ आणि अंधारी यांतला फरकही विचारूनच घ्यावा लागतो. शिवाय प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच विचारले, तर ‘बरं हाय की साहेब’ हेच उत्तर ठरलेले. ज्यांनी जीव वाचवला, त्यांच्यापुढे गाऱ्हाणे कसे मांडायचे?

वास गेला, ही तक्रार शहरात किरकोळ वाटू शकते. पण चुलीवरचे करपलेले, नासलेले दूध, गॅसची गळती हे सगळे नाकानेच कळते. एका कानाने बहिऱ्या झालेल्या माणसाला घाटरस्त्यावर मागून येणारी गाडी कोणत्या बाजूने येते ते उमगत नाही. एकूण गुणांच्या बेरजेत अशा गोष्टी हरवतात; म्हणून प्रत्येक उत्तर सुटे वाचायला हवे.

2021 मध्ये म्युकरमायकोसिसने ही गरज ठळकपणे दाखवून दिली. कोविडनंतर ही बुरशी नाकातून सायनस, डोळ्याची खोबण आणि कवटीच्या तळापर्यंत पोचत होती. काहींचा डोळा, काहींचा वरचा जबडा काढावा लागला. तेव्हा रोज रुग्णसंख्या, मृत्यू आणि इंजेक्शनच्या कुप्या मोजल्या जात होत्या. वाचलेली माणसे नंतर कशी जेवतात, कामावर परतली का, लग्नकार्यात जातात का, याची चर्चा क्वचितच झाली.

उपाय महागडा नाही. शस्त्रक्रियेआधी एकदा आणि नंतर तीन, सहा व बारा महिन्यांनी तीच प्रश्नावली फोनवर विचारता येईल. वाचता न येणाऱ्याला आशाताई घरी जाऊन प्रश्न वाचून दाखवू शकतात. मात्र त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. उत्तरांत डोळा मिटत नसल्याचे किंवा नाकातून पाणी गळत असल्याचे आढळले, तर गावातल्या सरकारी दवाखान्यातून तातडीने पुढे पाठवण्याची साखळी हवी. नाकातून गळणारे पाणी मेंदूभोवतीचे असू शकते आणि त्यातून मेंदूज्वराचा धोका असतो.

योजनेतून किती शस्त्रक्रिया झाल्या, हा आकडा सरकार देते. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असावा : वर्षभरानंतर किती जण आपल्या कामावर परतले. तो मोजायला लागलो, तर राजूरचा रुग्णही हिशेबात येईल.