एका पोत्यात रोही आऊट!

दिवाळीला गोरेगावला चाललेय म्हटलं, की पुण्यातल्या मित्रमंडळींचा ठरलेला प्रश्न : ईस्ट की वेस्ट? बॉस, हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. माझ्या मामाचं. इथे लोकल नाही, पण माझा नववीतला मामेभाऊ आहे आणि यंदा त्याच्याकडे स्वतः बनवलेला पत्त्यांचा गेम होता!

जुन्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूला स्केचपेननं जनावरं काढलेली. नियम सोप्पे. प्रत्येकाचं वीस गुंठे शेत. पहिल्या पाळीला एक पोतं सोयाबीन मिळणार, दुसऱ्या पाळीला दोन, असं वाढत जाणार. पोती मोजायची आणि जनावर समोरच्याच्या शेतात सोडायचं. ससा एका पोत्याचा, रानडुक्कर तिनाचं, रोही (म्हणजे आपली नीलगाय) पाचाचा. जेवढी पोती, तेवढे गुंठे दर पाळीला साफ!

आणि एक कार्ड 'झटका मशीन'. किंमत एक पोतं. समोरचं कुठलंही जनावर आऊट.

त्यानं चार पाळ्या कळ काढून रोही आणला. मी एका पोत्यात उडवला. जाम मजा आली. दुसऱ्यांदा तेच केलं, तर त्यानं पत्ते खाली ठेवले. "ताई, मग मी रोही आणूच कशाला?"

प्रश्न एकदम करेक्ट होता. म्हणून आधी झटक्याची किंमत पाच पोती केली. मग ते कार्ड कुणी वापरेना आणि एकदा आलेला रोही शेत संपेपर्यंत हलेना. मग ठरवलं, झटका रोहीवर चालणार नाही. झालं, दोघंही फक्त रोहीच आणायला लागलो!

तेव्हा मला 'मॅजिक : द गॅदरिंग' आठवला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा १९९३ सालचा गेम. त्यातलं 'टेरर' हे कार्ड प्राणी मारतं, पण काळ्या रंगाच्या प्राण्यांना हात लावू शकत नाही. म्हणजे आमचाच दुसरा फंडा. पण खरी गंमत 'स्वोर्ड्स टू प्लाऊशेअर्स'ची. तलवारी मोडून नांगराचे फाळ! किंमत अगदी कमी, कितीही मोठा प्राणी बाद. मात्र त्या प्राण्याची जेवढी ताकद, तेवढे लाइफ पॉइंट्स त्याच्या मालकाला मिळतात. २००९ मध्ये 'पाथ टू एक्झाइल' आलं. त्यात मालकाला चक्क जमीन मिळते. सुरुवातीलाच वापरलंत, तर समोरचा त्या जमिनीच्या जोरावर पुढे पळतो. उशिरा वापरलंत, तर फारसं बिघडत नाही. म्हणजे कार्ड स्वस्त, पण कधी वापरायचं याचा विचार करावाच लागतो.

आम्हीही मोबदला लावला. आधी गेलेल्या जनावराची सगळी पोती परत. तर पठ्ठ्या मुद्दाम रोही आणून "मार ना झटका" म्हणायला लागला! शेवटी दोन पोत्यांवर तोडगा निघाला. रोही गेला, तर पुढच्या पाळीला दोन पोती जास्त.

खेळता खेळता मला माझंच आठवलं. मागे एकदा माझं तीन आठवड्यांचं काम एका ओळीच्या मेलनं रद्द झालं होतं. निर्णय बरोबरही असेल. पण ना पैसे, ना कारण, ना पुढचं काम. त्यानंतर मी त्यांना दोन तासांत होणारे लेखच पाठवत राहिले. सगळे ससे! तुमच्या टीममधलं कुणी हल्ली नुसते ससेच आणत असेल, तर त्याचा रोही कुणी आणि कसा उडवला होता, ते एकदा बघा.

शेवटच्या डावात मामेभावानं माझा रोही उडवला आणि मी काही बोलायच्या आत दोन पोती माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात मामीनं जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही म्हणालो, "हा एक डाव संपवून येतो!"