धूर पुरे, अळ्यांचा हिशोब द्या



पावसाळा सरत आला की संध्याकाळी आपल्या गल्लीत एक गाडी येते. कान किटवणारं मशीन, डिझेलचा वास, धुरामागे पळणारी पोरं, आणि खोकत धडाधड दारं-खिडक्या लावून घेणारी माणसं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो फिरतो: प्रभागात धूरफवारणी संपन्न. जणू लग्नकार्यच.

ज्याच्यासाठी हा थाट, तो डेंग्यूचा डास त्या वेळी कुठे असतो? एडिस इजिप्ती हा घरातला डास आहे. तो दिवसा चावतो आणि खाटेखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांच्या घडीत बसून राहतो. धूर रस्त्यावर, डास घरात, आणि मधलं दार आपण स्वतःच लावलेलं. मरतात ते बहुतेक गटारातले क्युलेक्स. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे तेच, म्हणून एक-दोन रात्री बरं वाटतं आणि नगरपालिकेने काहीतरी केलं असं आपणही म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, वर तिचे फोटो.

बरं, उडता डास मेला तरी पिंपातल्या अळीला धुराने काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी फौज हजर. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. ही माहिती सरकारला नवी नाही. सरकारच्याच राष्ट्रीय कार्यक्रमात धूरफवारणी ही साथ भडकल्यावरची आणीबाणीची तरतूद आहे, रोजचा उपाय नाही. रोजचा उपाय म्हणजे अळ्या शोधणं आणि त्यांच्या जागा मोडणं. पण पिंपात टॉर्च मारून वाकलेल्या आशाताईचा फोटो कोण काढणार?

क्यूबातल्या हवाना शहराची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिथला खलनायक हाच डास होता. रोग पीतज्वर. 1881 साली कार्लोस फिनले या तिथल्याच डॉक्टरने सांगितलं की हा रोग डास पसरवतो. वीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच काळात शहर अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आलं आणि विल्यम गॉर्गस आरोग्याधिकारी झाले. त्यांनी आधी तेच केलं जे कुठलाही कर्तव्यदक्ष साहेब करील: रस्ते झाडले, घाण उपसली, शहर चकचकीत केलं. आणि 1900 साली पीतज्वर उलट उसळला! त्याच सुमारास वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोग करून फिनलेचं म्हणणं सिद्ध केलं. 1901 च्या फेब्रुवारीपासून गॉर्गस यांची माणसं घराघरांत पाण्याची पिंपं तपासू लागली. पिंपांना झाकणं, साचलेल्या पाण्यावर तेल, अळ्या सापडल्या तर दंड. धूर त्यांनीही केला, पण रुग्णाच्या खोलीत, फटींवर कागद चिकटवून. त्याच वर्षीच्या सप्टेंबरनंतर हवानात रोग जवळजवळ दिसेनासा झाला. साहेब तेच, अधिकार तेच. फक्त कुठे बघायचं हे आता पुराव्यावरून ठरत होतं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मुंबईत हिवताप का, याचा शोध घेऊन डॉ. बेंटली यांनी 1911 साली अहवाल दिला: हिवतापाचा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, त्या बुजवा किंवा घट्ट झाका. विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती, विरोध झाला, वाद झाले. पण वाद निदान विहिरीवर झाला. आपल्याकडे वाद कशावर? धुराची गाडी आधी कुणाच्या गल्लीत आली यावर.

कुणी म्हणेल, लोकच पिंपं भरून ठेवतात त्याला नगरपालिका काय करणार. हौस म्हणून कुणी पिंपं भरत नाही. नळाला दिवसाआड पाणी, कुठे आठवड्याने, मराठवाड्यातल्या काही शहरांत त्याहून उशिरा. पाण्याचं वेळापत्रक ठरवणारं टेबल आणि डेंग्यूचे रुग्ण मोजणारं टेबल एकाच इमारतीत असून एकमेकांशी बोलत नाहीत, ही खरी आपली साथ. नोटिसाही कुणाला? चाळीतल्या म्हातारीच्या रांजणाला. बांधकामावर लिफ्टच्या खड्ड्यात महिनाभर पाणी साचलेलं असतं, सरकारी कार्यालयांच्या गच्चीवर भंगार टायर पडलेले असतात, तिकडे नोटीस चिकटवायला खळ संपलेली असते. घर स्वच्छ ठेवणं हे आपलं काम आहेच, ते आम्ही नाकारत नाही. पण विज्ञानाचं नाव फक्त गरिबाला दंड करताना आठवत असेल तर ते विज्ञान नव्हे.

आमची मागणी खर्चाची नाही. तपासलेल्या दर शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या, हा आकडा काढायची रीत जगभर रूढ आहे, हिवताप विभागाला ती पाठ आहे. हा आकडा दर आठवड्याला, प्रभागवार, नगरपालिकेच्या दारावरच्या फळ्यावर लिहा. रुग्णांचे आकडे लिहिताना झटपट तपासणीतले संशयित वेगळे आणि एलायझा चाचणीने पक्के झालेले वेगळे दाखवा. साथीच्या काळात आकडे दडवले की लोक अफवांवर जगतात. धूर कुठे आणि कधी सोडायचा हे कीटकशास्त्र शिकलेल्या माणसाच्या सहीने ठरू द्या, फोनवरच्या फर्माइशीने नको. रुग्ण सापडला तर त्याच्या आणि शेजारच्या घरांच्या आत पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी करा, त्याला आम्ही स्वतः दार उघडू. आणि धुराच्या डिझेलवर गेल्या वर्षी किती पैसे गेले, तेही त्याच फळ्यावर येऊ द्या.

तो फळा लागेपर्यंत आम्ही थांबणार नाही. दर शनिवारी सकाळी आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी जमतो आणि आमच्याच घरांपासून मोजायला सुरुवात करतो: पिंपं, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या. येताना टॉर्च आणि घासणी आणा. वही आमच्याकडे आहे.

आपल्याच प्रभागातले काही रहिवासी