गुमास्ता परवान्यावरचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात फ्रेम निवडायला अर्धा तास जातो. आरशात डावीकडून बघायचं, उजवीकडून बघायचं, सोबत आलेल्या बहिणीला विचारायचं, पुन्हा पहिलीच फ्रेम मागवायची. मग काउंटरपलीकडचा माणूस नाकाच्या दांड्यावर एक छोटी पट्टी टेकवतो, ‘माझ्या या डोळ्याकडे बघा, आता त्या डोळ्याकडे’ म्हणतो आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून कागदावर आकडा टाकतो. दहा सेकंदांचं काम. चष्मा डोळ्यांना मानवणार की डोकं उठवणार, हे बऱ्याचदा त्या दहा सेकंदांत ठरतं.

हिशेब साधा आहे. उणे 6 नंबरच्या काचेचा मध्य बाहुलीपासून 5 मिलिमीटर सरकला, तर 3 डायोप्टरचा प्रिझम तयार होतो, म्हणजे मीटरभर अंतरावर प्रतिमा 3 सेंटीमीटर सरकते. दोन्ही डोळ्यांची प्रतिमा एक करायला मग डोळ्यांचे स्नायू दिवसभर ओढाताण करत राहतात. सिलिंड्रिकल नंबरचं गणित आणखी नाजूक. काच बसवताना त्याचा अक्ष 30 अंशांनी फिरला, तर जेवढा दोष चष्म्याशिवाय होता तेवढाच चष्मा लावूनही उरतो, फक्त दिशा बदलून. डॉक्टरांनी नंबर अचूक काढलेला असतो, काच चांगल्या कंपनीची असते, पैसेही पुरेपूर मोजलेले असतात. तरीही गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं आणि त्याला ठेवणीतलं उत्तर मिळतं, ‘वापरून बघा, सवय होईल.’

हे उत्तर देणाऱ्याने काय शिकलेलं असावं, याबद्दल भारतातला कायदा गप्प आहे. गोळ्या-औषधं विकायची तर 1948 च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. चष्म्याच्या दुकानाला गुमास्ता परवाना पुरतो. कापडाच्या दुकानालाही तोच. डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी चार वर्षांची पदवी आहे. संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नेत्र सहायक आहे, व्हिजन टेक्निशियनही आहे. नंबरचा कागद हातात घेऊन प्रत्यक्ष चष्मा बनवून देणारा ऑप्टिशियन मात्र त्या यादीत नाही.

जर्मनीत ही कारागिरी मानून शिकवतात. तीन वर्षं दुकानात उमेदवारी, सोबत शाळा, आणि स्वतःचं दुकान सांभाळायचं तर साधारणपणे त्यावर ‘माइस्टर’ची परीक्षा. ब्रिटनची वाट निराळी. तिथे 1958 च्या कायद्याने जनरल ऑप्टिकल कौन्सिल उभी राहिली. पुढे मोठ्या माणसांच्या चष्म्यांची विक्री बरीच मोकळी झाली, पण सोळा वर्षांखालच्या मुलांचा चष्मा आजही नोंदणीकृत व्यावसायिकाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. ही विभागणी शहाणपणाची आहे. मोठा माणूस दुकानात येऊन भांडू शकतो. दुसरीतल्या मुलाला मात्र फळा तिरका दिसतोय की आपलंच काही चुकतंय, हेही कळत नाही.

आपल्याकडे लगेच आक्षेप येतो, की सरसकट पदवी मागितली तर तालुक्याच्या गावातलं वडिलोपार्जित दुकान बंद पडेल आणि लोकांना चष्मा मिळायचा नाही. आक्षेप रास्त आहे. चष्मा न मिळण्याची किंमत किती असते, हे आसाममध्ये मोजलं गेलं आहे. तिथल्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांना जवळचं दिसण्याचे चष्मे फुकट दिले, तेव्हा त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता चष्मा नसलेल्यांपेक्षा 21.7 टक्के जास्त वाढली. 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने हा अभ्यास छापला. तेव्हा तयार मिळणाऱ्या चाळिशीला परवान्याच्या कुंपणात कोंडू नये. (ज्या भाषेने वयाचं नावच चष्म्याला देऊन टाकलं, तिला हे वेगळं सांगायला नकोच.)

पण चाळिशी वेगळी, प्रोग्रेसिव्ह काच वेगळी आणि मुलांचा चष्मा त्याहून वेगळा. सुरुवात मुलांपासून करावी. शाळेच्या तपासणीत मुलांचे नंबर सापडतात, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून त्यांना मोफत चष्मेही मिळतात. निदान हे सरकारी पैशाचे चष्मे तरी मोजमापाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाच्या हातून जावेत. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना पुन्हा वर्गात बसवायचं कारण नाही. फार्मसी कायदा आला तेव्हाही, औषधं बनवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांना पहिल्या नोंदवहीत जागा दिली गेली होती. तीच वाट इथे चालेल: जुन्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, नव्यांसाठी उमेदवारीसह पदविका.

यात दुकानदाराचाही स्वार्थ आहे. काच घासून फ्रेममध्ये बसवण्याचं हातकाम यंत्रांनी केव्हाच घेतलं. फ्रेमचा आकार स्कॅन होतो आणि काच बरोबर कापून निघते. विक्री फोनवर गेली. साधा एकाच नंबरचा चष्मा घरबसल्या येतो, कपाळाला कार्ड लावून बाहुल्यांमधलं अंतर कॅमेराच मोजतो. ‘एकावर एक मोफत’ची पाटी लावून छोटा दुकानदार या स्पर्धेत टिकायचा नाही, कारण सवलत द्यायला मोठ्यांचे खिसे खोल असतात. त्याच्याकडे उरतं ते चेहऱ्याचं ज्ञान. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर खाली कुठे सुरू व्हायचा, हे ती फ्रेम त्या नाकावर बसल्यावरच नीट कळतं. एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, तेवढी दांडी तापवून वाकवावी लागते. मान खाली घालून शिवणकाम करणाऱ्या बाईला आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या कारकुनाला एकच काच विकणं म्हणजे दोघांनाही फसवणं आहे. हे ज्याला येतं त्याच्या हातात कागद नाही, आणि ज्याला येत नाही त्यालाही पाटी लावता येते. प्रामाणिक ऑप्टिशियनचं खरं नुकसान इथे होतं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर मुलाचा नवा चष्मा घेताना फ्रेमच्या रंगाइतकाच वेळ त्या पट्टीवरच्या मोजमापाला द्या, दोन्ही डोळ्यांचे आकडे बिलावर लिहून मागा, आणि ‘सवय होईल’ असं उत्तर मिळालं तर चष्मा तिथेच पुन्हा तपासून घ्या.