विश्रामबाग वाडा : पेशव्यांचा आणि शाळेचाही

मा. संपादक महाशय यांस,


पुण्यातील जुन्या वास्तूंविषयी जे लेख वाचावयास मिळतात, त्यांत विश्रामबाग वाड्याची कथा दुसऱ्या बाजीरावाच्या विलासापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते, याविषयी तक्रार नोंदविण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून बांधलेल्या या वाड्यात श्रीमंतांचे वास्तव्य अवघे दहा-अकरा वर्षांचे. 1818 साली पेशवाई बुडाली आणि 1821 च्या ऑक्टोबरात दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांनी येथे संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा खर्च, पूर्वी श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून भागे. 1837 पासून मेजर कँडी हे तिचे अधीक्षक झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर येथेच शिकले. 1851 साली पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, आणि तेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने 1868 मध्ये येरवड्यास गेले. कॉलेजातील शालेय विभाग, म्हणजे हायस्कूल, मात्र वाड्यातच राहिले.

हा वाडा काही शाळेसाठी बांधलेला नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चौकाभोवतीच्या सोप्यांत एकेका शास्त्रीबुवांपुढे मंडलाकार बसून पाठ घेण्याच्या पद्धतीस अशी वास्तू, बाके मांडलेल्या सरकारी खोल्यांपेक्षा, अधिक सोयीची झाली असावी, असे मला वाटते. रस्त्यावर उभे राहून वर पाहावे : सज्जाचे सागवानी खांब सुरूच्या झाडाप्रमाणे वर निमुळते होत गेलेले, त्यांना जोडणाऱ्या नक्षीदार महिरपी, आणि सारे काम इतके नाजूक की ते भार पेलते याचाच विसर पडावा. 13 मे 1879 च्या रात्री बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला तेव्हा या वाड्याचाही पूर्वभाग जळाला. दर्शनी भाग वाचला, आणि जळालेला भाग पुढे लोकवर्गणी व नगरपालिकेच्या खर्चाने पुन्हा उभारला गेला. राजवाडा म्हणून नव्हे, सार्वजनिक उपयोगाची इमारत म्हणून गावाने हा पैसा मोजला, हे विसरता कामा नये.

शाळेची ही कीर्ती सांगताना तिचे वैगुण्यही लपवू नये. आरंभी पाठशाळेचे दार केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांस खुले होते. ज्यांना ते बंद होते अशा मुलींसाठी 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली ती जवळच बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात. तो वाडा 2023 च्या डिसेंबरात, राष्ट्रीय स्मारकासाठी म्हणून, जमीनदोस्त करण्यात आला. म्हणजे त्या काळच्या विद्याभ्यासाची मूळ वास्तू पाहावयाची तर त्या परिसरात आता विश्रामबागच उरली.

म्हणून महानगरपालिकेस विनंती, की वाड्यातील एक दालन केवळ या शिक्षणेतिहासास द्यावे. त्यात पाठशाळेतील विषय, दक्षिणेचा हिशेब, कँडीसाहेबांचा कारभार आणि कोणास प्रवेश होता व कोणास नव्हता, हे सारे शुद्ध मराठीत मांडावे, व प्रवेशद्वारावरील फलकावर बाजीरावांच्या नावाखाली 1821 हे साल तितक्याच ठळक अक्षरांत घालावे.



आपला,
एक वाचक, पुणे