आमचा फतवा, त्यांचा आशीर्वाद

2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या आधीची गोष्ट. आमच्या गावच्या मशिदीत जुम्याच्या नमाजपूर्वी इमामसाहेब चार वाक्ये बोलले. "वोट एक शहादत है. झूठी शहादत गुनाह है. पैसे लेकर वोट मत दीजिए. वोट देने ज़रूर जाइए." पक्षाचे नाव नाही, उमेदवाराचे नाव नाही. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर मथळा आला : 'मतदानासाठी शहीद होण्याची तयारी ठेवा, मशिदीतून फतवा'.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. शहादत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे आमच्या सातवीच्या मुलांनाही ठाऊक आहे. शहिदाचे मरण ही शहादत आणि कोर्टात दिलेली साक्ष हीही शहादत. उर्दूतील उलेमांनी मताविषयी लिहिताना तीन शब्द वापरले आहेत : शहादत, सिफारिश आणि वकालत. म्हणजे मत देणारा उमेदवाराच्या लायकीची साक्ष देतो, त्याची शिफारस करतो आणि त्याला आपला वकील नेमतो. लोकशाहीची इतकी सोपी व्याख्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडणे कठीण. खोटी साक्ष देऊ नका, एवढेच इमामसाहेबांचे म्हणणे होते. छापून आले ते मरणाचे आवाहन.

आम्ही दोघातिघांनी खुलासा लिहिला, सोबत शब्दकोशाच्या पानाची झेरॉक्स जोडली. तो छापला गेला नाही. बातमीदार फोनवर म्हणाला, "सर, मला कोणीतरी मोबाईलवर पाठवलं, मी डेस्कला दिलं. मथळा तिकडे होतो." तो मुलगा वाईट नव्हता. त्याला उर्दू येत नव्हते, आणि ते येणाऱ्या एखाद्याला विचारावे असे त्याला वाटले नव्हते. गावात आम्ही उर्दू शिकवणारे डझनभर तरी असू.

आता 'फतवा' या शब्दाकडे वळू. कोणी प्रश्न विचारतो, त्याला इस्तिफ्ता म्हणतात. मुफ्ती त्यावर आपले मत देतात, तो फतवा. विचारणाऱ्याने तो मानावा अशी सक्ती करण्याचा अधिकार मुफ्तींना नाही. फतव्याला कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 जुलै 2014 रोजी स्पष्ट सांगितले आहे. मराठीत मात्र 'फतवा' म्हणजे मनमानी हुकूम. नगरपालिका फतवा काढते, मुख्याध्यापक फतवा काढतात. स्टाफरूममध्ये आम्हीही हा शब्द हसत हसत वापरतो. भाषेला तो अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलणारा मौलाना असला की वाचक दोन्ही अर्थ एकदम घेतो. धर्माचा आदेश आणि मनमानी हुकूम, दोन्ही एकाच शब्दात. आणि मग तो आदेश सारे मुसलमान पाळणारच, असेही गृहीत धरतो.

ते पाळतात का? इतिहास फार लांबचा नाही. दिल्लीच्या जामा मशिदीचे इमाम सय्यद अहमद बुखारी यांनी 2004 मध्ये भाजपला मत देण्याचे आवाहन केले. वाजपेयींचे सरकार गेले. 2014 मध्ये सोनिया गांधींना भेटून त्यांनी काँग्रेससाठी आवाहन केले, तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावाने उघड विरोध केला आणि काँग्रेस 44 जागांवर आली. फेब्रुवारी 2015 मध्ये दिल्लीच्या मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी आम आदमी पक्षाला पाठिंबा जाहीर केला. पक्षाने तो नाकारला आणि 70 पैकी 67 जागा जिंकल्या. प्रत्येक वेळी वाहिन्यांवर दिवसभर 'इमामांचा फतवा'. निकालानंतर मात्र मुस्लिम मतदारांनी इमामांचे ऐकले की नाही, याचा हिशेब मांडायला कोणालाच सवड नसते. हिशेब मांडला तर पुढच्या निवडणुकीत तोच मथळा कसा वापरणार?

दुसऱ्या बाजूला पाहा. ऑक्टोबर 2014 मध्ये हरियाणात डेरा सच्चा सौदाने भाजपला मते देण्याचे ठरवले. त्याला 'पाठिंबा' म्हटले गेले. त्याच वर्षी बाबा रामदेवांनी मोदींसाठी देशभर प्रचार केला. तो 'प्रचार' होता. उमेदवार महाराजांच्या पाया पडतो, महाराज डोक्यावर हात ठेवतात. छायाचित्राखाली 'आशीर्वाद' असे छापतात. योगी आदित्यनाथ हे मुख्यमंत्री आहेत आणि गोरखनाथ मठाचे महंतही. नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्राच्या प्रचारात त्यांचे 'बटेंगे तो कटेंगे' गाजले. ती 'घोषणा' ठरली. एका धर्मपीठाच्या प्रमुखाने मतदारांना दिलेला तो आदेश होता, असे म्हणायला किती संपादकांची लेखणी धजावली?

ही गोष्ट फक्त मुसलमानांपुरती नाही. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांच्या 2018 च्या वार्षिक पत्राचा विषय दारिद्र्य हा होता. त्यातले राज्यघटना धोक्यात असल्याचे वाक्य उचलून देशभर मथळे झाले. अखेर एक-दोन वाक्ये संदर्भ सोडून उचलल्याचा खुलासा त्यांच्या सचिवांना करावा लागला. दारिद्र्याबद्दल ते काय म्हणाले, हे किती वाचकांना कळले?

2024 मध्ये तर फतव्याचीही गरज उरली नाही. धुळे लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता. मालेगाव मध्यने काँग्रेसला सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला 'व्होट जिहाद' म्हटले. नेत्याने म्हटले तर अवतरण चिन्हांत छापा, ते तुमचे कामच आहे. पण पुढे ती अवतरण चिन्हे गळून पडली आणि तो शब्द बातमीदाराचाच झाला. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने रांगेत उभे राहून दिलेले मत जिहाद, आणि शेजारच्या मतदारसंघाचे एकगठ्ठा मत जनतेचा कौल!

कोणी म्हणेल, मौलाना सज्जाद नोमानी यांनी त्याच वर्षी उमेदवारांची यादीच जाहीर केली, त्याचे काय? त्यांच्यावर जरूर टीका करा. भाजपला मत देणाऱ्या मुसलमानांवर बहिष्काराची त्यांची भाषा आम्हालाही मान्य नव्हती, आणि पुढे त्यांनी माफीही मागितली. पण आवाहनाला पहिल्या पानावर जेवढी जागा मिळाली, तेवढी माफीला मिळाली का? आणि नोमानी एक व्यक्ती आहेत. त्यांच्याशी असहमत असलेले शिक्षक, वकील, बचत गटातल्या बाया, कारखान्यातली पोरे यांना कोणी विचारले का? दाढी आणि टोपी दिसली की कॅमेरा थांबतो. 'मुस्लिम समाजाचे मत' म्हणून तेच दिवसभर फिरते. हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हापासून या समाजात मतभेद आहेत हे मराठी वर्तमानपत्रांना चांगले ठाऊक आहे. निवडणूक आली की ते विसरतात.

वाचकहो, दोष आमच्याही घरात आहे. ज्यांच्यामागे मते नाहीत असे लोक पाठिंब्याची पत्रके काढतात आणि आमच्या मतांचा सौदा केल्याचा आव आणतात. काही उर्दू वर्तमानपत्रे ती पत्रके पहिल्या पानावर छापतात. आपणही गप्प बसतो. मशीद, मंदिर, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करू नये, असे आचारसंहिता सांगते. उमेदवाराच्या वा मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचरण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने म्हटले. हा कायदा मौलानांनाही लागू आहे आणि महंतांनाही. 'आपले' म्हणून मौलानांना सूट मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वाक्य पूर्ण द्या आणि ज्या भाषेत बोलले गेले त्या भाषेतही द्या. अर्थ कळला नाही तर जाणकाराला विचारा. अपिलाला अपील म्हणा. फतवा असेल तर कोणाच्या प्रश्नावर, कोणत्या मुफ्तीने दिला ते लिहा. एकाच कृत्याला दोन धर्मांत दोन नावे देऊ नका. बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो ते सांगा. आणि चूक झाली तर ज्या पानावर ती छापली त्याच पानावर दुरुस्ती छापा.

आपणही एक काम करू. चुकीचा मथळा दिसला की मोहल्ल्यात चडफडत बसण्याऐवजी संपादकाला मराठीत पत्र लिहू, नाही छापले तर पुन्हा लिहू.

मतदानाच्या दिवशी आम्ही शिक्षकच केंद्रावर असतो. बोटाला शाई लावतो, यादीवर खूण करतो. आजवर एकही मतदार कोणाचा फतवा हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आलेला नाही. येतो तो ओळखपत्र घेऊन, आणि पडद्यामागे जातो तो एकटाच. तो तिथे आपली साक्ष देतो. उर्दूत तिलाच शहादत म्हणतात.