करार कोण वाचते?



फुटबॉलपटूंचे एजंट हा काही आपल्या अंकाचा नेहमीचा विषय नव्हे. पण ब्राझीलच्या राफाएला पिमेंटा यांची वाटचाल वाचली, आणि ती फार ओळखीची वाटली.

पिमेंटा व्यवसायाने वकील. मिनो रायोला या बड्या एजंटाबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले. खेळाडूच्या वतीने क्लबशी बोलणी करायची आणि पगार, मुदत, जाहिरातींचे हक्क करारात नीट मांडून घ्यायचे, हे एजंटाचे काम. वर्तमानपत्रांतून नाव गाजले ते रायोलांचे. बैठकांमध्ये बाई म्हणून झालेल्या अपमानांबद्दल पिमेंटा पुढे मुलाखतींतून बोलल्या. एप्रिल २०२२ मध्ये रायोला वारले आणि सूत्रे त्यांच्याकडे आली. मे महिन्यातच एर्लिंग हालांडचा मँचेस्टर सिटीशी करार जाहीर झाला. जगाला त्या तेव्हा दिसल्या. काम त्या आधीपासूनच करत होत्या.

याचे कौतुक आहेच. पण एक बाई वाटाघाटीला बसली म्हणून मैदानावरच्या सगळ्याजणींचा प्रश्न सुटत नाही. एजंटाची कमाई सहसा कराराच्या रकमेवर टक्केवारीने ठरते. मग जिचा पगारच तुटपुंजा, तिच्यासाठी कोण धावणार?

आइसलंडची सारा ब्यॉर्क गुन्नार्सदोत्तिर तर नावाजलेली खेळाडू. २०२१ मध्ये ती गरोदर असताना फ्रान्समधल्या ल्यों क्लबने तिला पूर्ण पगार दिला नाही. वास्तविक बाळंतपणासाठी किमान १४ आठवडे रजा आणि दोन तृतीयांश पगार, हा फिफाचा नियम त्याच वर्षी जानेवारीपासून लागू झाला होता. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाठबळावर ती फिफाकडे दाद मागायला गेली. २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला: ८२ हजारांहून अधिक युरोंची थकबाकी क्लबने द्यावी. नियम कागदावर होताच. तो अमलात यायला संघटना पाठीशी लागली.

वस्तीत काम करताना आम्ही हेच पाहतो. कंत्राटी सफाई कामगार बाईपुढे कागद सरकवला जातो, "सही कर, बाकीचे आम्ही बघतो" म्हणून. त्या कागदात रजा नसते, बाळंतपण नसते, कामावरून काढताना द्यायची नोटीसही नसते. आणि तिच्यासाठी टक्केवारीवर काम करणारा एजंट कधीच येणार नाही.

म्हणून गटांना एक विनंती. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या कामाचा कागद आणावा. तो मोठ्याने वाचू या. जिच्याकडे कागदच नाही, तिच्यापासून सुरुवात करू या.